सिस्टर, जरा बोलायचं होतं…

मैत्रिणींनो, घरात फोन कशासाठी असतो? गॅसचा नंबर लावायला, माहेरची खुशाली विचारायला, पोरगं शाळेतून वेळेवर आलं नाही तर रिक्षावाल्याला झापायला. आपल्या आयांच्या काळी साताऱ्याहून सांगलीला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे पोस्टात जाऊन ताटकळत बसावे लागे. आणि असा फोन कुणाच्या घरी आला, की आधी पोटात गोळा उठे, कारण तो बहुधा वाईट बातमीचाच असे. आता प्रत्येकीच्या पर्समध्ये फोन आहे. पण याच फोनवरून मोठ्या दुखण्यात औषधाइतका आधार मिळू शकतो, हे माझ्या थोरल्या बहिणीवर वेळ येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हते.

अक्का सांगलीला गावभागात राहते. दाजी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. घरात मुलगा, सून, एक नातू. २०१९ च्या मार्चमध्ये अंघोळ करताना अक्काच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. तिने काय करावे? काही नाही! वैशाखात पुतणीचे लग्न होते. रुखवत, मानपान, बस्ता. त्यात आपले रडगाणे कुठे? दोन महिने तिने ही गोष्ट पदराखाली झाकून ठेवली. तुमच्यापैकी कितीजणींनी असे काहीतरी झाकून ठेवले आहे, ते मी विचारत नाही. पण हा अंक खाली ठेवल्यावर एकदा आरशासमोर उभ्या राहाच.

जूनमध्ये मिरजेला ऑपरेशन झाले. डावे स्तन काढावे लागले. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केले ते हाताचे हुशार, पण बोलण्यात काटकसरी. फाइलवर चार ओळी लिहून ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्यांच्या मागून चाळिशीतली एक सिस्टर आली. तिने फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून आपला नंबर लिहिला, आणि मलाही वेगळ्या कागदावर लिहून दिला. म्हणाली, “मावशी, घरी गेल्यावरच खरे प्रश्न सुरू होतात. संध्याकाळी सात ते आठ मी मोकळी असते. ताप आला तर मात्र घड्याळ बघू नका, कधीही लावा.”

मी मनात म्हटले, सगळेच असे म्हणतात.

डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न

अक्काने पहिला फोन लावला तो आठव्या दिवशी, गच्चीवर जाऊन. खाली बैठकीत दाजी, स्वयंपाकघरात सून, माजघरात नातू, बोलायचे कुठे? आपल्या घरांतून बायकांना एकटीने रडायला न्हाणीघर आणि एकटीने बोलायला गच्ची, एवढ्याच दोन जागा असतात.

प्रश्न काय होता सांगू? “सिस्टर, ब्लाउजच्या आत काय घालू? एक बाजू सपाट दिसते. दारात दूधवाला आला तरी पदर दोन्ही हातांनी धरते.”

हा प्रश्न ती डॉक्टरांना जन्मात विचारणार नव्हती. सुनेलाही नाही. मलासुद्धा तिने हे सांगितले ते दोन वर्षांनी. सिस्टर हसली नाही, की ‘आता या वयात काय’ असेही म्हणाली नाही. तिने सांगितले, टाके भरून येईपर्यंत मऊ सुती कापडाची पिशवी शिवून तिच्यात कापूस भरा आणि ती चोळीच्या आतून टाचा. जखमेला घासणार नाही. पुढे दवाखान्यात वजनाची कृत्रिम मिळते, ती घ्या. कारण हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. एका बाजूचे वजन गेले की खांदा नकळत वाकडा धरला जातो आणि पाठ धरते. शिवाय हात भिंतीवर बोटांनी चालवत रोज थोडा थोडा वर न्या, डाव्या हाताने पाण्याची कळशी उचलू नका, विळीवर भाजी चिरताना त्या हाताला कापून घेऊ नका. काखेतल्या गाठी काढल्या की तो हात सुजण्याची भीती असते.

मग अक्काने हळूच दुसरा प्रश्न विचारला. “आमचं अंथरूण वेगळं केलंय. सासूबाई म्हणतात, लागण होते.” सिस्टर म्हणाली, “मावशी, कॅन्सर असा शेजारी झोपून लागत नाही, एका ताटात जेवूनही लागत नाही. काकांना फोन देता का?” दाजींना गच्चीवर बोलावले गेले. काय बोलणे झाले ते त्या दोघांनाच माहीत. अंथरूण मात्र त्याच रात्री पूर्ववत झाले आणि वेगळे काढलेले ताट-वाटी मांडणीत सगळ्यांच्या भांड्यांत गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे तर कुणीही शहाण्या बाईने सांगितले असते. सांगितले असते हो, पण ऐकले असते का? सासूबाईंच्या तोंडावर सुनेच्या बहिणीने सांगितलेले आणि इस्पितळातल्या सिस्टरने सांगितलेले, यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. तिच्यामागे वीस वर्षांच्या ड्यूट्या असतात.

जे सगळ्यांना ठाऊक होते

आता माझी चूक सांगते. आम्ही अक्काला ‘कॅन्सर’ हा शब्द सांगितलाच नव्हता. दाजी, भाचा आणि मी, तिघांनी मिळून ठरवले होते: ‘साधी गाठ होती, काढली. आता परत होऊ नये म्हणून इंजेक्शनं.’ मी तर सिस्टरला साताऱ्याहून फोन करून बजावले, “अक्काला काही सांगू नका हं. ती खचेल.”

सिस्टरने वाद घातला नाही. तिने एवढेच विचारले, “ताई, मावशींना काय वाटतंय, हे तुम्ही कधी विचारलंत का?”

नव्हते विचारले.

ती म्हणाली, “केमोच्या खोलीत त्यांच्या दोन्ही बाजूंना केस गेलेल्या बायका बसलेल्या असतात. दारावर पाटी आहे. मावशी सातवी पास आहेत ना? तुम्ही खोटं बोलू नका आणि सगळं एकदम ओतूही नका. नुसतं विचारा, तुला काय वाटतं, हे कशाचं दुखणं असेल? आणि मग गप्प बसा. गप्प बसणंच जड जातं, पण बसा.”

जुलैतला रविवार होता. मी सकाळच्या एस्टीने सांगलीला गेले. दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. विचारायला मला तासभर लागला. अक्काने ताटातला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, “कॅन्सर आहे. पहिल्याच दिवशी कळलं. तुझे दाजी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसतात, ते काय मला दिसत नाही? त्यांना वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही.”

म्हणजे बघा, सहा आठवडे एका घरात चार माणसे एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांशी खोटे बोलत होती, आणि रात्री प्रत्येकजण एकटा जागा! त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो. मग अक्काने तिच्या पाटल्या कुणाला, नातवाच्या नावाची ठेव कुठे, हे सगळे सांगून टाकले. आणि नंतर भूक लागली म्हणाली! महिन्यात पहिल्यांदा.

सगळ्याच रुग्णांना सगळे ऐकायचे असते असे मात्र नाही. काहींना खरोखरच तपशील नको असतो, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. किती ऐकायचे ते आजाऱ्याने ठरवावे. आपण त्याच्या वतीने तोंडाला कुलूप लावू नये, इतकेच सिस्टरचे म्हणणे होते.

पुरातली रात्र

दुसरी केमो २९ जुलैला झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णामाई चढू लागली. २०१९ चा तो पूर तुम्ही विसरला नसाल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागात पाणी शिरण्याआधी भाच्याने अक्काला विश्रामबागेत तिच्या दिराकडे हलवले. वीज गेलेली, रस्ते बंद, मी साताऱ्यात टीव्हीसमोर अडकलेली. फोन एखाद्या मोटारीत लावून थोडाफार चार्ज होई.

केमोनंतरच्या आठव्या-नवव्या दिवशीची रात्र. सुनेचा मला फोन आला, “मावशी, आईंना कणकण आहे. क्रोसिन दिली. सिस्टरला लावू म्हटलं तर त्या म्हणतात, कशाला त्या पोरीला या पुरात उठवायचं?” मीही म्हणाले, पावसात भिजली असेल, सकाळी बघू. फोन ठेवला आणि मला फाइलच्या पुठ्ठ्यावरचे ‘ताप आला तर घड्याळ बघू नका’ आठवले. साडेबारा वाजले होते. लावला.

दुसऱ्या रिंगला उचलला. “ताई, ताप किती?” “कणकण आहे.” “कणकण नको, आकडा सांगा.” मी सुनेला, सुनेने दिराच्या मुलीला, अशी वरात निघून शेवटी थर्मामीटर सापडला: १०१. सिस्टरचा आवाज बदलला नाही, पण वाक्ये आखूड झाली. “केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १०० पूर्णांक ४ च्या वर ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही. गोळीनं ताप उतरलेला दिसेल, फसू नका. मिरजेचा रस्ता नसेल तर जवळचं कुठलंही इस्पितळ गाठा. तिथल्या डॉक्टरांना केमोची तारीख सांगा आणि मला फोन जोडून द्या.”

अक्काला रिक्षातून जवळच्या एका लहान इस्पितळात नेले. सिस्टरने तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून कागदपत्रांतली माहिती दिली. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झाले. पाच दिवस तिथेच राहावे लागले. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, हे मी नंतर सिस्टरला विचारले. ती म्हणाली, “नाही ना थांबलात? मग नका विचारू.”

पण मला सांगायचे आहे ते पुढचेच. त्या पाच दिवसांत ती सिस्टर रोज संध्याकाळी मला, हो, मला, साताऱ्यात फोन करायची. एकदोन मिनिटे. “मावशींचा ताप उतरलाय. तुम्ही जेवलात का?” मी कॅन्सरची रुग्ण नव्हते. पण लांब बसून काळजी करणाराही एक रुग्णच असतो, हे तिला कुणी शिकवले असेल? पुढची केमो आठ दिवस लांबली तेव्हा अक्काने हाय खाल्ली. तेव्हाही तिने समजावले की पेशी भरून येईपर्यंत थांबणे हे उपचारात बसते. आठ दिवसांनी सगळे वाया गेले असे होत नाही.

फोनवरची सिस्टर काय करते

या सिस्टरच्या बोलण्याची रीत मी लक्ष देऊन पाहिली. ती ‘कशा आहात’ असे कधीच विचारत नसे, कारण त्याला आपण सगळ्याच ‘बरी आहे’ म्हणतो. ती विचारी, “काल रात्री किती वाजेपर्यंत जाग्या होतात?” आधी विचारी, “आत्ता मोकळेपणी बोलता येईल ना?” जवळ कुणी असेल तर प्रश्न असे घाली की ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर भागावे. ‘काही होणार नाही’ हे तिच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. आपण मात्र ते उठता-बसता म्हणतो, आणि आजारी माणसाचे तोंड तिथल्या तिथे बंद करतो. अक्का फोनवर रडू लागली की ती थांबे. चेहरा दिसत नाही, म्हणून मधूनमधून नुसते ‘हं’ म्हणे, म्हणजे समोरचीला कळावे की ही आहे.

धीराच्या बोलण्यात ती कामाची गोष्टही बेमालूम मिसळी. तोंड आले? पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चुळा. कांदा-लसूण मसाला काही दिवस बरणीतच राहू द्या. फोडणीच्या वासाने मळमळते? मग स्वयंपाक होईपर्यंत मावशींना बाहेरच्या खोलीत बसवा, आणि गार झालेला मऊ भात-ताक द्या. गरम अन्नाचा वास जास्त येतो. केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी हातात येऊ लागतील. आधीच बारीक कापून घ्या, उशीवर पुंजके बघण्याचा धक्का कमी बसतो, आणि उपचार संपले की परत येतात. पैशांचा प्रश्न आला तेव्हा तिने इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करायला लावली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुंबईला परळच्या टाटा इस्पितळात पाठवायचे ठरले, तेव्हा त्यांना रेल्वेच्या सवलतीचा दाखला भरून घ्यायला सांगितले. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरच्या तिकिटात पूर्ण सवलत मिळते. पण महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर जाणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसते.

मिरजेला हे सुचावे याचे मला नवल वाटत नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उघडले, तेव्हापासून ते दवाखान्यांचे गाव. आणि नर्सिंगचे म्हणाल, तर ज्या रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्याला सेवासदन काढले आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, त्या मूळच्या देवराष्ट्र्याच्या. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची म्हणजे काय, असे म्हणून त्या काळी लोकांनी नावे ठेवली होती. आज त्याच पेशातली बाई रात्री साडेबाराला आपला फोन उचलते.

पण एक गोष्ट मला खटकते, आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सिस्टर हे सगळे स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घरच्या वेळात करत होती. तिलाही दोन मुले, एक सासू आणि आलटून-पालटून रात्रपाळी. फोनवर कधी मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. तिच्या चांगुलपणावर आपण किती दिवस जगायचे? परदेशात हे काम नेमून दिलेले असते. इंग्लंडमध्ये १९७५ पासून मॅकमिलन संस्थेच्या खास कॅन्सर परिचारिका आहेत, आणि त्यांच्या मदतीच्या फोनवरही परिचारिका असतात. ऑस्ट्रेलियात कॅन्सर कौन्सिलचा एकच नंबर साऱ्या देशात चालतो. वेदनेने तळमळणाऱ्यांसाठी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे घर काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिकाच होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. वेदना अंगाची असते तशीच मनाची, घराची आणि पैशाचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. आपल्याकडेही मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले, पुण्याला वारज्यात १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र निघाले. मुंबईत १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ आणि दिल्लीत १९९६ मध्ये ‘कॅनसपोर्ट’ या संस्था उभ्या राहिल्या त्या दोन कॅन्सरमधून उठलेल्या बायकांनी उभ्या केल्या. मग प्रत्येक केमोच्या खोलीला एक फोन आणि त्यावर बसायला पाळीने एक पगारी सिस्टर का असू नये? एका यंत्राच्या दुरुस्तीत जाते तेवढाही पैसा त्याला लागणार नाही.

शेवटच्या दिवसांतही

सगळ्यांची गोष्ट अक्कासारखी होत नाही. साताऱ्याला आमच्या शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंनी जन्मभर मिश्री लावली. तोंडाचा कॅन्सर झाला, आणि कळेपर्यंत फार पुढे गेला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. तेव्हा वहिनींना एका संस्थेच्या फोनवरच्या परिचारिकेने साथ दिली.

त्यांना मॉर्फिन लिहून दिले होते, पण घरातले पुरुष गोळी द्यायला धजेनात. ‘व्यसन लागेल’ म्हणत. ऐंशी वर्षांच्या, जेमतेम दोन महिने उरलेल्या बाईला व्यसन! परिचारिकेने तिघांना एकेक करून फोनवर घेतले. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, दुखणे उसळण्याची वाट न बघता दर चार तासांनी द्यायचे, सोबत जुलाबाचे औषध न विसरता द्यायचे, कारण मॉर्फिनने मलावरोध होतोच. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या १९८६ मध्येच सांगितल्या होत्या. पण आपल्याकडे १९८५ च्या कडक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणेच मुश्कील झाले होते. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली तरी मनातली भीती अजून उतरलेली नाही.

अखेरीस आजींनी अन्न सोडले. वहिनी चमच्याने भरवू पाहत, ठसका लागे, आणि त्या रडत फोन करत, “मी त्यांना उपाशी मारतेय का?” परिचारिका म्हणाली, “नाही. जेवत नाहीत म्हणून त्या चालल्या नाहीत. त्या चालल्यात म्हणून शरीर जेवण मागत नाही. ओठ ओल्या कापसानं टिपा, तोंड स्वच्छ ठेवा, हात धरून बसा.” बाराव्या-तेराव्याचा गडबडगुंडा संपून पाहुणे गेल्यावर तिचाच फोन आला. वहिनींना तोवर ‘तू कशी आहेस’ असे कुणी विचारलेच नव्हते. सगळ्यांनी मुलांचे सांत्वन केले होते.

तुम्ही काय करावे

ज्या इस्पितळात उपचार चालू आहेत तिथल्या सिस्टरला घरी येण्याआधी विचारा: रात्री कुठला नंबर लावायचा? लाजू नका. तो फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. पॅलिएटिव्ह केअरसाठी ‘साथ-साथ’ ही देशभराची मोफत सेवा १८०० २०२ ७७७७ या नंबरवर आहे. मन फारच खचले, झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा मोफत नंबर आहे; १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. तिथे परिचारिका नव्हे, समुपदेशक असतात.

फोनआधी थर्मामीटर, शेवटच्या केमोची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटे जवळ घ्या. प्रश्न सुचतील तसे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, कारण फोन लागला की नेमके आठवत नाहीत. घरातल्या चौघांनी चारदा फोन करून तेच विचारू नये. एकीने करावा, बाकीच्यांना सांगावे. आणि रक्तस्राव, श्वास कोंडणे, बेशुद्धी असे काही असेल तर आधाराच्या फोनवर वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

अक्काचे उपचार संपून पाच वर्षे उलटून गेली. वर्षातून एकदा तपासणीला जाते. जायच्या आदल्या रात्री अजूनही झोपत नाही. गल्लीतल्या आणि नात्यातल्या दोन-तीनजणींना हेच दुखणे निघाले, त्या आता तिला फोन करतात. ब्लाउजच्या आतली पिशवी कशी शिवायची, नाडा कुठे लावायचा, कापूस किती भरायचा हे ती अगदी रंगून सांगते, आणि शेवटी दरडावते, “हे मला विचार. पण ताप आला तर मला नको, आधी सिस्टरला लाव.”